बदल्या करणारं यंत्र

आमच्या ऑफिसात कामं साचायची तसे किस्सेही साचायचे. कामं कधीतरी उपसली जायची, किस्से तसेच राहिले. त्यातही सत्तरच्या दशकात परभणीत आमच्याकडे कॉम्प्युटर आला (म्हणजे आला नाही, तो पुण्यातच होता!), त्या वर्षाचे किस्से काढले की माझी बायको उठून स्वयंपाकघरात जाते. तिचे पाठ झालेत. तुम्ही बसा!

आमच्याकडे जिल्ह्यातल्या मास्तरांच्या बदल्यांचं काम. बदली म्हणजे वशिला, हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यात नवे तरुण साहेब आले. पहिल्याच मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाले, "यंदा बदल्या कॉम्प्युटर करणार! मास्तरांची माहिती फॉर्मवर, फॉर्मवरून भोकं पाडलेल्या कार्डांवर, कार्डं पुण्याच्या यंत्रात. ना चिठ्ठी, ना वशिला!"

मी नवा कारकून. अंगावर काटाच आला, खरं सांगतो!

साहेबांनी नमुन्याचं कार्ड फिरवलं. आमचे हेडक्लार्क सय्यदचाचा निजामाच्या काळापासून नोकरीत. त्यांनी कार्ड खिडकीसमोर धरून एका डोळ्यानं आरपार पाहिलं.

"साब, इसके वास्ते पुना कायकू? आमच्या रेकॉर्ड रूममधी चला. उंदरं कवापासून हेच काम करायलेत!"

* * *

फॉर्म पुण्याला गेले आणि आठवड्यात ट्रंककॉल आला. तिकडचे इंजिनिअर ओरडत होते, "तुमच्याकडचे निम्मे मास्तर एक जूनलाच कसे जन्मले? काहीतरी चुकलंय!"

फोन भालेरावांनी घेतला होता. फॉर्मचं सगळं काम त्यांच्याकडे. इतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"चुकलं न्हाई साहेब," ते शांतपणे म्हणाले. "घरच्यांना तारीख ठाव नसती. जूनमधी शाळा उघडली की पोराला नाव घालायला नेतेत. तवा मास्तरच त्याला जल्म देतो!"

फोन ठेवायच्या आधी हळूच म्हणाले, "माजीबी तीच हाय."

* * *

मग तपासायला कार्डांचे गठ्ठे आमच्याकडे आले. भालेरावांना सुटा कागद बघवत नसे. त्यांनी जिंतूर तालुक्याचा गठ्ठा घेतला, ऑफिसच्या पंचिंग मशीननं प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एकेक भोक पाडलं, टॅग ओवला, गाठ मारली आणि सुबक फाईल करून पुण्याला पाठवली!

त्या कोपऱ्यातल्या भोकाचा यंत्राच्या हिशेबी अर्थ होता, 'निवृत्त'. कच्ची यादी आली आणि अख्खा जिंतूर तालुका रिटायर!

आम्ही यादी दडपेपर्यंत बातमी एसटीनं जिंतुरात पोचली होती. एका गावानं तर मास्तरांना शाल-नारळ देऊन निरोपही दिला. मास्तर बत्तीस वर्षांचे! दुसऱ्या दिवशी धापा टाकत ऑफिसात आले.

"साहेब, नोकरी परत द्या. शाल मातर माघारी देणार न्हाई!"

* * *

या सगळ्यात एका बाईचा जीव टांगणीला लागला होता. शांताबाई वाघमारे. त्या जिंतूरच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका. नवराही मास्तर, पण ताडकळसला. लहान मुलगी बापाजवळ. ताडकळसच्या मुलींच्या शाळेत जागा रिकामी असूनही बाईंचा अर्ज सहा वर्षं मागे पडत होता.

"परवा सुट्टीत गेले," बाई म्हणाल्या, "तर लेक आतून पाण्याचा तांब्या घिऊन आली. पावणी आली वाटलं तिला."

मी त्यांच्यापुढं खुर्ची सरकवली.

"यंत्राला वशिला कळत न्हाई, जातबी कळत न्हाई म्हणतेत. खरंय का ओ भाऊ?"

"एकदम खरं!" मी म्हणालो. आणि त्या दिवसापासून यादीची वाट त्यांच्याइतकीच मीही पाहू लागलो.

* * *

वशिल्याचं दुकान बंद झाल्यावर पुढारी काय करणार? पोखर्णीकडच्या एका पुढाऱ्यानं साहेबांना विचारलं, "मंग त्या यंत्राचं गाव कोणतं?" आणि तुपाचा डबा घेऊन गडी थेट पुण्याला गेला!

चौथ्या दिवशी परत आला. आम्ही घोळका केला. "भेटलं का यंत्र?"

"कुटलं! गार खोलीत ठिवलंय. आत जाताना चपला काढाय लावतेत, अन् तरीबी कुणाला भेटू देत न्हाईत." मग आदरानं मान हलवत म्हणाला, "लय मोठा साहेब असंल!"

* * *

शेवटी पक्की यादी आली! साहेब स्वतः मोठ्यानं वाचत होते.

"शांताबाई वाघमारे, ताडकळस!"

मी आनंदानं ओरडलोच. भालेराव चष्मा पुसायला लागले.

चार पानांनंतर साहेब अडखळले. "वाघमारे गुरुजी. ताडकळसहून... बाई आत्ता जिथं आहेत त्याच गावी."

इतकी वर्षं बाईंचा अर्ज लागत नव्हता, म्हणून यंदा नवरा-बायको दोघांनीही अर्ज टाकले होते, एकाचा तरी लागेल या आशेनं. यंत्रानं दोघांचेही मंजूर केले!

"यादीला हात लावता येणार नाही," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी एक नाव खोडलं की उद्या सगळे पुढारी दारात उभे."

तेही खरंच होतं. वरून हुकूम असा की ऑर्डरी त्याच दिवशी साडेपाचच्या आत टपालात पडल्या पाहिजेत; जी राहील ती रद्द.

दुपारी मी पाकिटं भरली तर एक ऑर्डर कमी. वाघमारे गुरुजींची! कपाटं उपसली, टेबलांखाली वाकून पाहिलं. सगळं ऑफिस शोधत होतं, एकटे सय्यदचाचा जागचे हलत नव्हते. डबाही खुर्चीतच उघडला, चहाही तिथंच मागवला.

साहेब त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "चाचा, तुम्ही पाहिली का ती ऑर्डर?"

"पूरी नौकरी में पहली बार कागज गुम हुआ, साब," चाचा खाली मान घालून म्हणाले.

साहेबांची नजर चाचांच्या खुर्चीतल्या गादीवर गेली. गादीखालून कागदाचा पांढरा कोपरा डोकावत होता. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं.

"चाचा," ते म्हणाले, "साडेपाचपर्यंत उठू नका."