दोन पुड्यांची माती

दुर्गच्या माती परीक्षण केंद्रात रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या त्या गृहस्थांचे नाव विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. ते भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले असावेत. हातांत मातीच्या दोन पुड्या होत्या आणि खिडकीतल्या कारकुनाशी बोलताना ते एकेक पुडी अंगठ्याने हलकेच दाबत.

“ही माती ज्या वावरातली, त्यात सोयाबीन झालं, नांगरून ठेवलं हाये. ही दुसरी जिथली, तिथं धान उभाच हाये. न नांगरता त्यातच जवस फेकतो. दोन्हीकडे जवसच, पण खत येगळं लागन ना, बाबू?”

“जमीन का खसरा नंबर एक ही है न, काका? तो नमूना भी एक,” असे म्हणून कारकुनाने एक पुडी दुसरीत ओतली आणि बोटाने ढवळली.

गृहस्थांनी ती सगळी माती कारकुनाच्या कागदांवर उपडी केली.

“आता निवडून दे मले. सोयाबीनची इकडे, धानाची तिकडे.”

रांगेतले काही जण हसले. संतापाने माझे कान तापले. आधीचे पीक आणि नांगरणी यांमुळे मातीतले नत्र कसे बदलते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले होते. येथे मात्र नुसता घसा खाकरला.

ते वळून मलाच म्हणाले, “आठ दिवसांत जवस फेकाचं हाये, सर. एका मानसाची दोन माती या लोकायले चालत नसन, तर उद्या दोन मानसं होऊन येतो!”

“दुसऱ्या पुडीसाठी मी येतो,” मी म्हणालो. माझा आवाज इतका मोठा निघाला की खिडकीतला कारकून दचकून उभा राहिला.