डिस्ट्रेसिंगचं वाक्य

माझ्या वडिलांना इंग्रजी विशेषणांचं वेड होतं. चौलला सुपारीची लहानशी वाडी, पेशा मास्तरकीचा, आणि दिवेलागण झाली की ओटीवर मला समोर बसवून एक विशेषण द्यायचं, त्याची वाक्यं करून घ्यायची. लोकांच्या मुली शुभंकरोति म्हणत, मी विशेषणं म्हणे. आल्यागेल्यासमोर ती म्हणून दाखवावी लागत आणि बाबांची छाती फुगे.

एकदा शब्द मिळाला ‘डिस्ट्रेसिंग’. म्हणजे मनाला त्रास देणारं, घोर लावणारं. बाबांचं स्वतःचं वाक्य ठरलेलं: मुंबईहून आलेली बातमी डिस्ट्रेसिंग आहे. मी लिहिलं, आमच्या विहिरीचं खारट पाणी डिस्ट्रेसिंग आहे. ते हसले. म्हणाले, “एवढ्याशा गोष्टीला एवढा मोठा शब्द नाही वापरायचा.” मग मी लिहिलं, आईचा खोकला डिस्ट्रेसिंग आहे. त्यावर मात्र त्यांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारली. घरातलं वाक्यात आणायचं नाही, वाक्यांना बाहेरचं जग पुष्कळ आहे, असा त्यांचा दंडक. आत आई खोकतच होती.

पुढे अलिबागला आत्याकडे राहून मी इंग्रजी शाळेत जाऊ लागले. मला मास्तरीण व्हायचं होतं. मॅट्रिक झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढणार नाही, असा शब्द बाबांनी मला दिला होता आणि मी वेडी त्यावर निर्धास्त होते. मॅट्रिकला दोन वर्षं उरली असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तर अंगण सारवलेलं आणि आई माझ्यासाठी ठेवणीतलं लुगडं काढून बसलेली. मुंबईचं स्थळ मला बघायला येणार होतं. मुलगा कचेरीत, त्याला इंग्रजी शिकलेली मुलगी हवी होती. म्हणजे ज्या इंग्रजीच्या जोरावर मी माझ्या पायावर उभी राहणार होते, तिच्याच जोरावर मला उजवून टाकायचं ठरलं होतं.

“बाबा, मॅट्रिकचं काय?” मी विचारलं.

“असं स्थळ पुन्हा चालून येतं का?” म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

मुलगा आणि त्याचे काका बोटीने रेवदंड्याला उतरून आले. मुलगा घाम पुसत बसला, विचारायचं ते सगळं काकांनी विचारलं. चालून दाखव. सुईत दोरा ओव. नाव लिही. मग म्हणाले, “इंग्रजी येतं म्हणता, तर ‘गुड’ घेऊन एक वाक्य करू दे.” मी केलं, आंबा ‘गुड’ आहे. बाबांना ते फारच सोपं वाटलं. मिरवायची संधी हातची जाते की काय म्हणून तेच पुढे सरसावले. “अहो, जरा कठीण विचारा. ‘डिस्ट्रेसिंग’ विचारा!”

त्याचा मराठी अर्थ कुणी त्या बैठकीत उच्चारला असता तर आईने तोंडावर हात ठेवला असता. इंग्रजीला मात्र अपशकुन नसतो. मी मान वर केली आणि म्हणाले, “धिस मॅरेज इज डिस्ट्रेसिंग टू मी.”

हे लग्न माझ्या जिवाला घोर आहे. अगदी सावकाश, एकेक अक्षर ऐकू जाईल असं म्हणाले. मराठीत बोलायला मुलीला तोंड नव्हतं, पण वाक्य तर त्यांनीच मागितलं होतं.

काका डोळे मिटून विचारात पडले. आता उठतील, टोपी चढवतील, की मी सुटले! काकांनी डोळे उघडले आणि बाबांना विचारलं, “‘टू मी’ की ‘फॉर मी’?”

“‘टू’च,” बाबा म्हणाले. माझ्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

“वा! वाक्य शुद्ध आहे. मुलगी पसंत.”

मुलगा शहाळ्यातली मलई खरवडून खात होता. त्याला काय कळलं, काय नाही, देव जाणे. लग्नानंतरही मी त्याला कधी विचारलं नाही.

दाराआडून आईने हळूच विचारलं, “काय हो म्हणाली ती?”

“स्थळ पसंत आहे म्हणाली,” बाबांनी सांगितलं. तो शब्द मला शिकवणारा माणूस हे म्हणाला.

पाहुणे गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन आईला स्पष्ट मराठीत सांगितलं, मला हे लग्न नको, मला शिकायचंय. आईने फुंकणी खाली ठेवली. “अगो, मग चारचौघांत पसंत कशाला म्हणालीस? आता शब्द फिरवायचा काय?” तिला तरी काय बोल लावू? तिने ऐकलं ते बाबांच्या तोंडून ऐकलं.

मी तिचा हात धरून तिला ओटीवर ओढत नेलं. “बाबा, हिला सांगा ना, मी काय म्हणाले ते!”

बाबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला. एक वाक्य, तेही मराठीत, एवढंच त्यांना करायचं होतं. आता ते नाहीत, मी म्हातारी झाले, तरी त्या क्षणाचा माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

“लाजत्येय ती,” ते आईला म्हणाले. “अशा वेळी मुली असंच काहीबाही बोलतात.”

शाळा उघडायच्या आत ते स्वतः अलिबागला गेले आणि माझं नाव काढून आले.