भुंग्याचं काम

बाई हट्टी, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. गल्ली तिला 'पॉलिशवाली' म्हणायची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सुतार नवऱ्यानं तिच्या हातात पॉलिशचा बोळा दिला, तो काही सुटला नाही. दुकान सासऱ्यांचं, पाटीवर नाव नवऱ्याचं, चकाकणारी कपाटं गिऱ्हाइकांची. तिचं स्वतःचं म्हणाल तर कुंपणाच्या दोन टोकांना लावलेले पॅशन फ्रूटचे दोन वेल. बस्स.

आणि यंदा त्यांनीच दगा दिला. फुलं ढीगभर, फळ औषधालाही नाही!

"नुसता पसारा," नवरा म्हणाला. "महिनाअखेर उपटतो. लाकडं रचायला जागा होईल."

"हात तर लावून बघा!"

फुलं दुपारी उमलायची. ती जेवणाचा डबा घेऊन वेलापाशीच बसू लागली. जांभळी झालर, घमघमाट, आत गोड रस. एवढा नखरा कुणासाठी? मधमाश्या यायच्या, पण इवल्याशा. रस पिऊन खालच्या खाली पसार. पराग तर वर लटकलेला. त्याला पाठ घासेल असा धष्टपुष्ट पाहुणा हवा. गेल्या वर्षी काळे भुंगे यायचे. ते मेले गेले कुठे?

तिची नजर छपराकडे गेली आणि तिनं कपाळावर हात मारला. भुंगे वासे पोखरतात म्हणून नवऱ्यानं धूर करून त्यांना हाकललं होतं आणि एकूण एक भोक लांबीचा लगदा भरून बुजवलं होतं.

"भुंगा नाही तर मी आहे," ती म्हणाली. बोटानं पराग घेऊन त्याच वेलाच्या दुसऱ्या फुलांना लावला. सगळी गळली. शेजारीण हसली, "फुलांची लग्नं लावतेस होय गं?" पॉलिशवालीला रडू फुटायचंच बाकी होतं. पण भुंगा काय एकाच वेलावर मुक्काम ठोकतो? दुसऱ्या दिवशी कोरा ब्रश घेतला, रणरणत्या उन्हात स्टुलावर चढली. या वेलाचा पराग त्या वेलाला, त्याचा याला. रोज. मान अवघडली, तरी रोज.

महिनाअखेर नवरा कोयता घेऊन आला. तिनं पानं बाजूला केली. हिरवीगार फळं लगडली होती. उगारलेला कोयता त्यानं खाली घेतला.

"राहू दे तुझे वेल," तो पुटपुटला.

"नुसतं राहू दे नाही. शिडी लावा आणि ती भोकं मोकळी करा."

"अगं, वासे पोखरून खाली येतील!"

"येऊ द्यात. वासे तुम्ही शंभर घडवाल. एक फळ घडवून दाखवा!"

सुतारानं वर पाहिलं, वेलाकडे पाहिलं आणि शिडी आणायला गेला.