पंचवटीच्या वाघाचे व्याही

वाल्मीक विधाते यांच्या जिभेला हाड नाही, हे एकलहऱ्यापासून द्वारका चौकापर्यंतच्या रिक्षावाल्यांना चांगलं ठाऊक होतं. वीज केंद्रात ते टेक्निशियन होते. सगळी वसाहत हिरो होंडावर बसून ड्यूटीला जायची आणि हे गृहस्थ एका काळ्या, जुन्या सायकलवर टांग टाकायचे. गाडी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. पण मखमलाबादच्या मळ्यातून फुलांच्या पाट्या सायकलवरून बाजारात नेण्यात त्यांचं लहानपण गेलं होतं, आणि रस्त्याची डावी कड आपल्या वाडवडिलांनी राखून ठेवली आहे असा त्यांचा समज होता. त्या कडेत कोणी घुसलं, की ते पाय टेकून थांबत आणि घुसणाऱ्याच्या आजोबा-पणजोबांची सविस्तर विचारपूस करत.

हाच माणूस महिन्यातल्या एखाद्या रविवारी हिरावाडीत लेकीच्या घरी गेला, की त्याच्यासारखा गरीब माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता. मुलीच्या बापानं सोयऱ्याच्या दारात चपला आणि डोकं दोन्ही बाहेर काढून ठेवावं, ही त्यांच्या घरची शिकवण. बापाचा एक वाकडा शब्द गेला, की उत्तर मुलीला चुलीपाशी ऐकावं लागतं, असं आई गोजराबाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं. शिवाय लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा रिवाज. त्यामुळे एवढं अंतर पायडल मारत, घामाघूम होऊन ते पोचायचे आणि ओट्यावर बसून आपल्याच बाटलीतलं कोमट पाणी प्यायचे.

व्याही दीपकराव जेजुरकर यांची मार्केट यार्डात भाजीपाल्याची आडत होती. दाराशी पांढरी स्कॉर्पिओ, आणि लिलावात कमावलेला आवाज. ते बोलायचे आणि वाल्मीकराव "बरोबर आहे तुमचं" म्हणायचे. यंदा पाऊस जास्त झाला, बरोबर आहे. कमी झाला, तेही बरोबर आहे. जावई राज वडिलांपुढे तोंड उघडत नसे, त्यामुळे त्या ओट्यावर मतभेद म्हणून कधी झालाच नाही.

असा माणूस फुटायला कुठेतरी जागा लागतेच. ती जागा योगिनीनंच करून दिली होती. लग्नाआधी एकदा तिनं त्यांना नाशिकरोडच्या सायबर कॅफेत नेऊन ऑर्कुटवर खातं उघडून दिलं. "बाबा, रिक्षावाल्यांशी भांडता ते इथं भांडा. निदान कोणी अंगावर गाडी घालणार नाही," ती म्हणाली होती. खऱ्या नावानं नको म्हणून त्यांनी नाव घेतलं, डावी कड.

दोन हजार सातच्या सुमारास नाशिककरांच्या एका कम्युनिटीत कोणीतरी विषय टाकला: शहरातल्या रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळी जागा ठेवावी का? ती कम्युनिटी चालवणाऱ्या कॉलेजच्या मुलानं वरती लिहून ठेवलं होतं, "कृपया सभ्य भाषेत चर्चा करावी." ते वाचून सगळ्यांनी बाह्या सरसावल्या. जे सज्जन प्रत्यक्षात एकमेकांना "आधी आपण, आधी आपण" करत दारातच अडकून पडले असते, ते तिथं एकमेकांची अक्कल काढू लागले.

वाल्मीकरावांच्या वाट्याला आला "पंचवटीचा वाघ". वाघाचं मत असं, की सायकल म्हणजे गरिबाची अडचण नि श्रीमंताचं नाटक. सायकलवाले दिवा न लावता, घंटी न वाजवता मध्येच घुसतात आणि धक्का लागला की गाडीवालाच गुन्हेगार ठरतो. घंटीचा मुद्दा वाल्मीकरावांना जरा झोंबला. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. तोंड असताना तिची गरजच पडली नव्हती. त्यांनी एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून उत्तर दिलं: "वाघोबा, रस्ता काय तुम्हाला आंदणात मिळाला का? चाकं चार असली म्हणून अक्कल चौपट होत नाही." पाठवलं आणि त्यांना असं काही मोकळं वाटलं, की घरी येऊन त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

मग कामावरून सुटलं की कॅफे, हे ठरून गेलं. बायको सुवर्णा म्हणायची, "एवढं रोज काय असतं तिथं?" हे सांगायचे, "समाजकार्य."

पुढच्या रविवारी हिरावाडीच्या ओट्यावर दीपकराव मांडी ठोकून म्हणाले, "काय इवाई, घरी कांप्युटर आनलाय, आपुन पन इंटरनेटवर हाय बरं का आता! एक सायकलवाला हाय तिथं, डावी कड म्हनून. लय शाना. त्याला असा उभा सोलतोय मी, काय सांगू!"

वाल्मीकरावांनी तोंडाशी नेलेली बाटली तशीच खाली ठेवली. समोर वाघ बसला होता, बनियनवर.

"असतात असे लोक," ते म्हणाले.

"त्याच्या घरच्यांनी त्याला काय वळन लावलं नसंल, न्हाय?"

"बरोबर आहे तुमचं."

आता शहाण्या माणसानं इथं थांबावं. वाल्मीकरावांनीही परतताना थांबायचंच ठरवलं होतं. पण द्वारकेपर्यंत येता येता त्यांच्या लक्षात आलं, की ज्या माणसापुढे दोन वर्षं मान हलवून आपली मान आखडली, त्याच्याशी आपण आता हवं ते बोलू शकतो आणि त्याला कळणारही नाही. अशी संधी किती मुलीच्या बापांना मिळते? ते घरी न जाता थेट कॅफेत गेले.

यानंतर एक गंमत सुरू झाली. वाल्मीकराव जितके तिखट होत गेले, तितका वाघ मवाळ होत गेला. "आपल्या मताचा आदर आहे," असं लिहू लागला. "घंटी लावावी, एवढंच सुचवायचं होतं, गैरसमज नसावा." एकदा तर त्यानं सायकलवाल्यांना सकाळच्या वेळी तरी वेगळी जागा असावी हे मान्य केलं. आणि ओट्यावर मात्र दीपकराव सांगायचे, "काल त्याला असा झापला, असा झापला, की बापजन्मी सायकलवर बसायचा नाय!" वाल्मीकराव मनात म्हणायचे, काय हा माणूस! तिथं शेपूट घालतो आणि इथं मिशीला पीळ देतो. आपल्या लेखणीची ही कमाल आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि ते सायकलवर जरा ताठ बसू लागले.

त्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मात्र ओट्यावर वेगळाच विषय निघाला. योगिनी बी.कॉम. होती. जवळच्या एका पतपेढीत जागा निघाली होती, तिनं अर्ज केला होता आणि तिला बोलावणंही आलं होतं. दीपकरावांनी ते ऐकलं आणि निकाली काढलं.

"आमच्या घरच्या सुना दुसऱ्याच्या दारात कामाला जात नाय. घरात काय कमी हे का? बरोबर ना, इवाई?"

दारात योगिनी सासऱ्यांचा चहा घेऊन उभी होती. वाल्मीकरावांनी वर पाहिलं. लग्नाआधी खळखळून हसणारी मुलगी. हल्ली ती हसली तर आवाज होत नसे. ती त्यांच्याकडेच बघत होती. वाल्मीकरावांनी नजर काढून दारातल्या स्कॉर्पिओवर ठेवली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

त्या दिवशी परतताना एका रिक्षानं त्यांना कट मारला आणि ते काहीच बोलले नाहीत. सगळं त्यांनी कॅफेसाठी राखून ठेवलं होतं. तिथं बसून त्यांनी लिहिलं: "वाघोबा, तुम्ही रस्त्यावर सायकलला वीतभर जागा देत नाही, घरात सुनेला काय देणार? तुमच्या घरातल्या सुनेची मला कीव येते. पोरगी शिकलेली असेल तर जास्तच." पुसून टाकावंसं वाटलं. पण पाठवलं.

वाघ गप्प झाला. दुसऱ्या दिवशी गप्प, आठवडा झाला तरी गप्प. पहिल्यांदा वाल्मीकरावांना जिंकल्यासारखं वाटलं, मग चुकल्यासारखं, आणि मग सरळ भीती वाटू लागली. ओळखलं असेल का? ओळखलं असेल तर याचा हिशोब कोणाकडे मागतील? ओट्यावर बसणाऱ्या बापाकडे कोणी मागत नाही, घरात राहणाऱ्या लेकीकडे मागतात. सुवर्णानं विचारलं, "जेवत का नाही?" तिलाही काही सांगता येईना.

तेवढ्यात दीपकरावांचाच फोन आला. "येऊन जा, इवाई. बोलायचं हाय."

इतकी लांब वाटणारी वाट वाल्मीकरावांनी आयुष्यात तुडवली नव्हती. ओट्यावर दीपकराव एकटेच बसले होते, आणि लिलावातला तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"तो सायकलवाला नाय का, डावी कड," ते म्हणाले. "लय लागलं त्याचं बोलनं."

"काय म्हणाला?" वाल्मीकरावांनी विचारलं. विचारणं भाग होतं.

"मला कुठं टाइप येतंय? मी सांगतो नि योगिनी लिहिती. त्याचं आलेलं तीच वाचून दाखवती. त्या दिवशी वाचता वाचता मधीच थांबली. म्हनलं, वाच. तिनं वाचलं. घरातल्या सुनेची कीव येती म्हने." दीपकरावांनी नजर स्कॉर्पिओकडे वळवली. "मी म्हनलं, काय बी बोलतो हा भडवा. नि तिला विचारलं, तुला तरी वाटतं का असं? ती काय बोलली नाय. रडली. माझ्यासमोर कधी रडली नव्हती, इवाई. मला वाटायचं, पोरगी सुखात हाय. तुम्ही पन कधी काय म्हनले नाय."

वाल्मीकरावांना घाम फुटला होता आणि तो सायकलचा नव्हता. वाघ मवाळ का होत गेला, हे त्यांना आता कळलं. सासरा शिव्या सांगत होता आणि सून त्या गाळून, चाळून, "गैरसमज नसावा" लावून पाठवत होती. आणि बापाचं एकूण एक तिखट वाक्य तिनं आपल्याच तोंडानं सासऱ्याला वाचून दाखवलं होतं.

"सोमवारपासून जाती पतपेढीत," दीपकराव म्हणाले. "राजला बी सांगितलं, तूच सोडायला जायचं. तो सायकलवाला मानूस वंगाळच हाय, पन भेटला तर हात जोडील त्याला. परक्या मानसाला जे दिसलं ते आपल्याला दिसू नये का हो?"

याला "बरोबर आहे तुमचं" म्हणायची वाल्मीकरावांची हिंमत झाली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच व्याह्यांचं म्हणणं खरोखर बरोबर होतं.

योगिनी फाटकापर्यंत सोडायला आली. बराच वेळ ती सायकलच्या कॅरिअरवरची धूळ बोटानं पुसत होती.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"खातं मीच तर उघडून दिलं होतं, बाबा." ती हसली, पण आवाज झाला नाही. "कीव नको होतं लिहायला. बाकीचं चाललं असतं."

"तुझ्यासाठीच लिहिलं गं."

"माहितीय. पण मला वाटायचं, हे सगळं त्यांना माझ्या तोंडानं वाचून दाखवण्यापेक्षा तुम्ही एकदा ओट्यावर बोलला असतात तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग घाईघाईनं त्यांची बाजू घेऊन म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बरोबर आहे म्हणालात ना, तेव्हा मी दारातच उभी होते. तुम्हाला दिसले नसेन मी."

लेकीनं किती सभ्यपणे वाट मोकळी करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि मान हलवण्यात तर त्यांचा हातखंडा होता. वाल्मीकरावांनी सायकलचं हँडल घट्ट धरलं.

"दिसली होतीस," ते म्हणाले.