कॅमेऱ्यात आलेली आई

लग्न होऊन गाव सोडलं तेव्हा माझं बी.ए. अर्धंच झालं होतं. कोरेगावच्या स्टँडवर अप्पांनी पुस्तकांची पिशवी गाडीत चढवली आणि म्हणाले, "ऱ्हायलेलं तिकडं पुरं कर, पोरी." मग कामोठ्यातला वन बीएचके, मुलं, त्यांच्या शाळा. पिशवी माळ्यावर गेली.

मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर दर वेळी विचारता, "झालीस का गं ग्रॅज्युएट?" म्हणून एकदाच लिहून टाकते.

गेली तीन वर्षं मी युनिव्हर्सिटीचे ऑनलाइन कोर्स करून राहिलेल्या पदवीसाठी क्रेडिट जमवतेय. मातीचं आरोग्य, ग्राहक कायदा, नाट्यसंगीत, हवामान. भाजी चिरताना कानात लेक्चर. मजा यायची, खोटं कशाला बोलू! शेवटचे चार क्रेडिट उरले होते.

अप्पा गेल्यावर आईला मी इकडे आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून ती आधीच अंग चोरून असते, पाणीसुद्धा विचारून घेते.

परीक्षा घरूनच होती. मी आईला बजावलं, खोलीत यायचं नाही, कॅमेरा बघतोय. पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, दार हळूच उघडलं. आईच्या हातात वाटी.

"वाईच दही-साकर घे बाय. तशीच बसलीस पेपराला."

स्क्रीनवर अक्षरं आली. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली, परीक्षा रद्द.

मी आईवर ओरडले. इतकी, की शेजारणीने बेल वाजवली. नंतर मेलवर मेल केले, ती दुसरी व्यक्ती माझी आई आहे म्हणून. दर वेळी तेच छापील उत्तर, निर्णय अंतिम आहे, पुढच्या सत्रात पुन्हा बसा. फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा. भांडायला पलीकडे माणूसच नाही.

आता मी लॅपटॉप उघडला की आई चपला घालते आणि खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसते. नुसतं लेक्चर आहे, बस गं, म्हटलं तरी ऐकत नाही. "नगं. त्ये मशीन बगतंय."

आई असते ते घर, असं आपण म्हणायचो. माझं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि आई खाली. यावर काय करायचं, मला खरंच कळत नाही.

परवा आईनेच विचारलं, "पेपर परत कवा हाय? त्या वक्ताला मी गावाकडं जाऊन येते."

गावाकडे आता तिचं कुणी नाही. मी नको म्हणायला हवं होतं. मी तारीख सांगितली.