आमदारसाहेबांना आणायला गेलो

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माणसानं माती खावी तरी किती? त्यात आमच्या बेटाची माती लाल, खाल्लेली लगेच दिसते. मी एका जिवंत आमदाराला भर सभेत, त्याच्यासमोर मारून टाकलंय.

मी मूळचा नांदेडचा. इथं कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड बेटावर कॉलेज करतो आणि उरलेल्या वेळात डोनटच्या दुकानात उभा असतो. आमच्या आंबेडकर मंडळाला मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी बंद पडलेल्या शाळेतली एक खोली हवी होती. आमदारांनी शब्द टाकला तर ती मिळणार होती. म्हणून जयंतीला त्यांनाच बोलावलं. मंडळाचे अध्यक्ष गायकवाड सर मला म्हणाले, "संकेत, पाहुण्यांची ओळख तू करून दे. नीट सर्च कर."

मी नीटच सर्च केलं. नाव टाकलं आणि पहिलं पान उघडलं. महायुद्धात लढले, परत येऊन बटाट्याची शेती केली, चार वेळा निवडून आले. मी मनात वय मोजलं. शंभरीच्या पुढे, आणि तरी आमदार! मी इतका भारावलो, की पान खालपर्यंत वाचलंच नाही.

"सर, पाहुणे फार थकलेले असणार," मी सांगितलं. सरांनी व्हीलचेअर मागवली. गायकवाड वहिनींनी खीर मुद्दाम पातळ केली.

जयंतीच्या दिवशी हॉलच्या दारात एक उंच, साठीचा माणूस आला. हातात टोपी, बुटांना चिखल. मला वाटलं, साहेबांचा मुलगा. मी इंग्रजीत अदबीनं विचारलं, "वडील कुठे आहेत? गाडीत?"

त्यानं टोपी छातीशी धरली. मग हळूच म्हणाला, "ते शेजारच्या चर्चच्या मागे आहेत. तुम्हाला भेटायचंय त्यांना?"

"म्हणजे काय, त्यांच्यासाठीच तर सगळे जमलोय."

त्याचे डोळे पाणावले. मला वाटलं, थंडीमुळे.

एप्रिल महिना, बाहेर अजून बर्फ. शंभरीच्या म्हाताऱ्याला चर्चमागे सोडून हा खिरीच्या वासावर इकडे आला? मी तणतणत व्हीलचेअर घेऊन पळालो.

चर्चच्या मागे कबरी होत्या. पहिल्याच रांगेतल्या दगडावर आमच्या पाहुण्यांचं नाव कोरलेलं.

कुठल्याही शहाण्या माणसाला तिथं तरी उजेड पडला असता की नाही? मला वाटलं, आमदार वारले आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही. धावत परत आलो, थेट माईक धरला आणि मराठीत म्हणालो, "जय भीम. सांगायला फार वाईट वाटतं, आपले प्रमुख पाहुणे आता आपल्यात नाहीत. दोन मिनिटं शांत उभे राहू या."

सगळे उभे राहिले. त्यांचं बघून पहिल्या रांगेतला तो साठीचा माणूसही उभा राहिला, अगदी सैनिकासारखा ताठ.

मी चर्चमागे गेलो तेवढ्यात गायकवाड सरांची त्या माणसाशी ओळख झाली होती; ते माझ्या कानाशी आले. "संकेत, पाहुणे समोर उभे आहेत."

"तो त्यांचा मुलगा आहे, सर."

"अरे, मुलगाच आमदार आहे. बापलेकांचं नाव एक आहे."

मग सरांनीच खाली जाऊन आमदारांना सगळं सांगितलं. मी खोली विसरलो, कॉलेज विसरलो, नांदेडचं तिकीट डोळ्यांपुढे आलं. आमदार शांतपणे माईकपाशी आले.

"माझ्या वडिलांसाठी कितीतरी वर्षांनी कुणी असं उभं राहिलं," ते म्हणाले. "मीही वीस वर्षं सैन्यात होतो. परत आल्यावर घाबरत घाबरत निवडणूक लढवली, तर निम्म्या म्हाताऱ्यांनी वडीलच समजून मला मत दिलं. त्यामुळे हा घोळ मला नवीन नाही."

हॉलमध्ये जे हसू फुटलं, ते थांबेना. आमदारांनी खीर दोनदा घेतली.

उन्हाळा लागायच्या आत खोली मिळाली. पहिल्या रविवारी ते स्वतः आले, छोट्या खुर्चीत गुडघे दुमडून बसले. एका चिमुरडीनं त्यांना विचारलं, "व्हॉट शुड वी लर्न फर्स्ट?"

ते म्हणाले, "एखादी गोष्ट कळली नाही, तर अंदाज बांधायचा नाही. आधी विचारायचं."

वर्गातली सगळी पोरं एकदम मागे वळली आणि माझ्याकडे बघायला लागली.