रॉन्डाच्या हातातली सिरिंज

टेकडीवरच्या वृद्धाश्रमात रॉन्डा स्टिडम आणि मी सोळा वर्षं एकत्र काढली. मी स्वयंपाकघरात होते, ती मदतनीस होती. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळी घालायच्या, भरवायचं, चादरी बदलायच्या. एक्केचाळिसाव्या वर्षी तिनं एकदम जाहीर केलं की आपण नर्स होणार. आमच्या खोऱ्यातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची पदवी घ्यायची, मग परवान्याची परीक्षा द्यायची.

"अगं, काय भलतंच खूळ हे?" मी म्हटलं.

"आपल्या आश्रमातल्या मिसेस कॉर्नेटचे पाय सुजलेले मला दिसतात," ती म्हणाली. "का सुजलेत ते मला कळत नाही. कुणी सांगतही नाही. मला कळायला हवंय."



भीती पहिल्याच महिन्यात तिच्या मानगुटीवर बसली. औषधाच्या मात्रा काढायच्या गणिताची परीक्षा होती. शंभरात नव्वद हवेत, दोनदाच बसता येतं, नाहीतर घरी. पहिल्या वेळी तिला शहाऐंशी पडले. पुढचा आठवडाभर ती माझ्या ओट्याशी उभी राहून गणितं सोडवायची. मी बटाटे सोलायचे आणि ती पौंडाचे किलो करायची. तिचा नवरा डेन्व्हर शाळेची बस चालवायचा. तो मला म्हणाला, "ही झोपेत दशांश चिन्हं बडबडते. काल म्हणाली, डेन्व्हर, तुझं वजन किलोत सांग. मी म्हटलं, बये, आधी डोळे तर उघड!"

दुसऱ्या वेळी चौऱ्याण्णव पडले. पण भीती काही गेली नाही. "कागदावर चुकलं तर गुण जातात," ती म्हणायची. "माणसावर चुकलं तर?"

तिसऱ्या सत्रात ते घडलं. विद्यार्थ्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात नेत. शिकवायला मिसेस नेपियर होत्या. ताठ कण्याची, कमी बोलणारी बाई. त्यांचा एक नियम होता: सिरिंजमध्ये औषध भरलं की आधी मला दाखवायचं, मगच खोलीत पाऊल टाकायचं.

त्या सकाळी रॉन्डाकडे एल्मर ब्रॅशिअर नावाचे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ होते. खुब्याचं हाड मोडलेलं, अंगावर मांस म्हणून नाही. दुखणं इतकं की पडल्या पडल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. दोन मिलिग्रॅम मॉर्फिन द्यायचं होतं. बाटलीत होतं दहा. रॉन्डानं औषध भरलं आणि मागे वळून पाहिलं, तर मिसेस नेपियर दुसऱ्या विद्यार्थ्याकडे गेलेल्या. पलीकडून म्हाताऱ्याचं कण्हणं ऐकू येत होतं. आपण हळू आहोत, आपल्यामुळे त्यांना सोसावं लागतंय, या धास्तीनं ती तशीच खोलीत गेली.

म्हातारा म्हणाला, "पोरी, औषध मला घ्यायचंय आणि थरथरतेस तू?"

ती हसली. सलाइनच्या नळीचं तोंड पुसलं. सिरिंज लावणार तोच दारातून आवाज आला, "मिसेस स्टिडम. थांबा."

मिसेस नेपियर शांतपणे आत आल्या. "हातात किती आहे?"

"दोन मिलिग्रॅम."

"पुन्हा बघा."

रॉन्डानं पाहिलं. सिरिंज काठोकाठ भरलेली होती. अख्खी बाटली. दहा.

पाचपट मात्रा त्या मूठभर हाडांच्या माणसाला! श्वास मंदावत मंदावत थांबला असता, आणि झोप लागली समजून तिनंच त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं असतं. हे तिनं मला नंतर सांगितलं.

मिसेस नेपियरनी नवी सिरिंज भरून घेतली, तिच्याच हातून दोन मिलिग्रॅम द्यायला लावलं, आणि म्हाताऱ्याला डोळा लागेपर्यंत तिला शेजारी बसवून त्याचे श्वास मोजायला लावले. मग बाहेर बोलावून म्हणाल्या, "लेखी ताकीद मिळेल. अजून एक चूक झाली की संपलं. सोमवारपर्यंत काय झालं ते सगळं लिहून आणा. वर्गापुढे वाचायचं."

शनिवारी ती माझ्याकडे आली. मी पुढ्यात घेवडा आणि मक्याचा पाव ठेवला. तिनं घासही घेतला नाही. "मी जात नाही परत. चादरीच बदलेन. चादर चुकीची घातली म्हणून कुणी मरत नाही."

"नको जाऊ," मी म्हटलं. खरं सांगते, मलाही तिच्यासाठी भीती वाटत होती.

पण सोमवारी ती गेली. अकरा जणांपुढे उभी राहिली आणि वाचलं. एक ओळसुद्धा तिनं गाळली नाही. कुणी हसलं नाही.

नंतर वाहनतळावर मिस्टी तिच्या मागे धावत आली. मिस्टी म्हणजे चोवीस वर्षांची, वर्गात पहिली येणारी मुलगी. गाडीच्या आडोशाला उभी राहून ती कुजबुजली, "रॉन्डा, गेल्या महिन्यात मी एका बाईला शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या गोळ्या दिल्या. काही झालं नाही तिला. कुणाला कळलंही नाही. तू सांगणार नाहीस ना?"

रॉन्डानं मनाशी तोललं. सांगितलं तर या पोरीचं वाटोळं, नाही सांगितलं तर आपणही त्यात सामील. आणि स्वतःच्या डोक्यावर ताकीद टांगलेली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तू सांगणार आहेस. आत्ता."

"वेडी झालीस का? काढून टाकतील मला!"

"काढतीलही. चल, मिसेस नेपियरच्या दारापर्यंत येते."

दारापर्यंत नव्हे, ती पार खुर्चीपर्यंत गेली. मिस्टीला एक सत्र मागे ठेवलं. तिनं रॉन्डाशी बोलणं टाकलं. समोर आली की तोंड फिरवायची. आपण त्या पोरीचं भलं केलं की वाईट, हे रॉन्डाला आजही ठामपणे सांगता येत नाही. मिस्टीनं उशिरा का होईना पदवी घेतली आणि दुसऱ्या राज्यात निघून गेली, एवढंच आम्हाला कळलं.

रॉन्डानं वेळेवर पदवी घेतली. मग परवान्याची परीक्षा आली. ती संगणकावर असते, आणि पंचाहत्तराव्या प्रश्नानंतर यंत्र निकाल ठरवून केव्हाही बंद होऊ शकतं: तुम्ही उत्तम असाल तरी, पार वाया गेलेल्या असाल तरी. रॉन्डाचं बरोबर पंचाहत्तरावर बंद झालं. काळा पडदा. ती तशीच बसून राहिली. शेवटी तिथल्या बाईनं खांद्याला हात लावला, "मॅडम, तुमचं झालं."

दोन दिवस ती घरात भुतासारखी फिरली. निकाल डेन्व्हरनं पाहिला, कारण तिचं धाडस होईना. तो अंगणात गेला, बसमध्ये चढला आणि एवढ्या जोरात हॉर्न वाजवला की पलीकडच्या टेकडीवरून शेजारी ओरडला, "मेलं का कुणी?"

"नाही!" डेन्व्हर ओरडला. "पास झाली!"

त्याच इस्पितळात तिला काम मिळालं. एकटीनं सांभाळायच्या पहिल्या दिवशी ती आधी न्हाणीघरात जाऊन ओकली, तोंड धुतलं, आणि पहिल्या खोलीचं दार उघडलं. खाटेवरच्या बाईनं विचारलं, "तू नवीन का गं?"

"हो," रॉन्डा म्हणाली. "आज माझा पहिलाच दिवस आहे. म्हणून मी सगळं दोनदा बघणार आहे. चालेल ना?"

"बघ की," ती बाई म्हणाली. "मी कुठं पळून चाललेय?"